गवताचं औषध यकृतात पोचतं तेव्हा

पोळ्याला गावी गेलो होतो. अमळनेरजवळ बोरी नदीच्या काठाला आमचं गाव. बैल मिरवून आले, खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या, आणि शेजारचे नाना ओट्यावर येऊन बसले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. रक्ताचा रिपोर्ट होता, यकृताच्या तपासणीचा. "भाऊ, हाई एसजीपीटी काय शे?"

आकडा होता 96. शेजारी छापलेली मर्यादा 40. नानांना कावीळ नव्हती, पोट दुखत नव्हतं. अन्नावरची वासना उडाली होती आणि थकवा जात नव्हता, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं होतं. दारूला ते शिवत नाहीत. पण त्याआधीचे तीन आठवडे त्यांच्या पाठीवर पंप होता. आधी स्वतःच्या कपाशीत, मग मक्यात, मग रोजाने दुसऱ्यांच्या वावरात ते तणनाशक मारत होते. डॉक्टरांनी विचारलं नाही, म्हणून नानांनी सांगितलं नाही. मला मात्र त्यांनीच विचारलं, "गवतनं औषध शे ते. मानूसना लिव्हरले काय करी?"

मी काही वर्षं प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी वाढवल्या आहेत, त्यांच्यावर वेगवेगळी रसायनं टाकून त्या कशा जगतात, कशा मरतात ते पाहिलं आहे. तरी नानांच्या प्रश्नाला ओट्यावर बसून दोन वाक्यांत देण्यासारखं उत्तर नव्हतं. ते नीट द्यावं म्हणून हा लेख.

सुरुवात 'औषध' या शब्दापासूनच करतो. आपल्याकडे बोंडअळीवरचं कीटकनाशक असो, बुरशीनाशक असो की तणनाशक, सगळ्याला औषधच म्हणतात. 'औषध मारायला गेलाय' म्हटलं की कुणी दचकत नाही. त्यातही कीटकनाशकाची थोडी धास्ती आहे, कारण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले ते सगळ्यांना आठवतं. ती बहुतांशी कीटकनाशकं होती, मज्जातंतूंवर घाव घालणारी. माणूस तिथल्या तिथे घामाघूम होतो, डोळ्यांसमोर अंधारी येते, म्हणून भीती वाटते. तणनाशक बहुतेक वेळा असं काही करत नाही. ते गवतासाठी बनवलेलं असतं, मग आपल्याला काय होणार, अशी समजूत पक्की होते. निंदणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही आणि पाऊस वाफसा होऊ देत नाही, अशा वेळी बाटली स्वस्त पडते. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावायला मी बसलेलो नाही.

समजुतीत अर्धं खरं आहे. तणनाशकं बनवली जातात ती वनस्पतीच्या पेशीतल्या एखाद्या खास यंत्रावर नेम धरून. ग्लायफोसेट घ्या. अमेरिकेत मॉन्सँटो कंपनीतल्या जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाने 1970 मध्ये त्याचा तण मारण्याचा गुण ओळखला आणि 1974 मध्ये ते राउंडअप नावाने बाजारात आलं. वनस्पती काही अमिनो आम्लं ज्या वाटेने तयार करते, ती वाट ते अडवतं. प्राण्यांच्या पेशीत ही वाटच नाही. ती आम्लं आपण अन्नातून घेतो. म्हणजे कुलूपच नाही तर किल्ली काय करणार?

पण कोणत्याही रसायनाला एकच कुलूप ठाऊक असतं असं नाही. गवताची पेशी आणि माणसाची पेशी यांत फरक पुष्कळ, तरी त्यांची काही अवजारं फार जुनी आणि सारखीच आहेत. दोघींत ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया आहेत. दोघींत विजेच्या कणांची, म्हणजे इलेक्ट्रॉनची, हातोहात देवाणघेवाण चालते. दोघींत चरबीचं पातळ आवरण आहे. तणनाशक पुरेशा मात्रेत आत गेलं तर ते या सामाईक अवजारांवर जाऊन आदळतं, आणि यकृताची पेशी त्या वाटेवर अगदी पुढे उभी असते.

यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं, वजन साधारण दीड किलो. दर मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. तोंडावाटे गेलेलं काहीही आतड्यातून शोषलं की ते रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जातं. त्वचेतून शिरलेलं रसायन आधी सगळ्या शरीरात फिरतं, पण रक्ताचा हा वेग पाहता तेही काही मिनिटांतच तिथे पोचतं.

आलेलं अनोळखी रसायन यकृताची पेशी दोन टप्प्यांत हाताळते. आधी एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, त्याला जणू मूठ बसवतं, म्हणजे पकडायला जागा तयार करतं. मग दुसरं एन्झाइम त्या मुठीला पाण्यात विरघळणारा एखादा रेणू जोडतं, की ते लघवीतून किंवा पित्तातून बाहेर जायला मोकळं. या दुसऱ्या कामातला मोठा गडी म्हणजे ग्लुटाथायोन. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते तुमच्या वावरातही आहे. मक्यात अॅट्राझिन मारलं की तण मरतं आणि मका ताठ उभा राहतो, तो का? मक्याची पेशी अॅट्राझिनला ग्लुटाथायोन बांधून निकामी करते आणि बहुतेक तणांना ते तेवढ्या वेगाने जमत नाही. जे मक्याचं पान करतं, त्याच जातीचं काम नानांचं यकृत करतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मक्याकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

फरक एवढाच की हा साठा अमर्याद नसतो. ग्लुटाथायोन पेशीतच तयार होतं आणि वापरलं की संपतं. तयार होण्यापेक्षा खर्च जास्त झाला, की पेशीतली ऑक्सिजनची उपद्रवी रूपं आवरायला कुणी उरत नाही. मग आवरणातली चरबी, प्रथिनं, डीएनए यांना इजा होऊ लागते. याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. तणनाशकं आणि यकृत यांवरच्या संशोधनात सर्वांत जास्त वेळा समोर येणारी गोष्ट हीच आहे.

इजा झालेली पेशी पुढे काय करते, हा विषयाचा गाभा आहे. तिथे थोडं रेंगाळू या.

इजा थोडी असेल तर पेशी थांबते. वाटणी, म्हणजे एकीच्या दोन पेशी, व्हायच्या बेतात असेल तर ती वाटणी रोखते, डीएनए दुरुस्त करते, मग पुढे जाते. प्रयोगशाळेत अशा पेशी मेलेल्या दिसत नाहीत, पण त्यांची संख्या वाढत नाही. इजा त्याहून जास्त झाली तर पेशी स्वतःच स्वतःला मिटवून घेते. मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर असलेला विजेचा दाब कोसळतो, त्यातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर गळतं, त्याने कॅस्पेज नावाची एन्झाइम जागी होतात आणि पेशीला आतून शिस्तीत कापत जातात. पेशी आक्रसते, तिचे लहान लहान तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, गाजावाजा नाही.

या मरणाला अपॉप्टोसिस म्हणतात आणि त्याचं मूळ यकृतातच सापडलं. जॉन केर या ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात उंदराच्या यकृताच्या एका भागाचा रक्तपुरवठा रोखला आणि पेशी कशा मरतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बऱ्याच पेशी फुटत होत्या, पण काही नुसत्याच आक्रसून गोळा होत होत्या. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी या प्रकाराला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याचा साग पानं टाकतो, झाड मात्र मरत नाही, तसं.

तिसरा प्रकार वाईट. इजा एवढी होते की पेशीला आवरासावर करायलाही ऊर्जा उरत नाही. ती पाणी शोषून फुगते आणि फुटते. आतला सगळा माल बाहेर सांडतो, त्याने आसपास सूज येते, संरक्षक पेशी धावून येतात आणि त्यांच्या धुमाकुळात शेजारच्या चांगल्या पेशीही सापडतात. याला नेक्रोसिस म्हणतात. या दोन मरणांमधली रेषा ऊर्जेची आहे. अपॉप्टोसिसला ऊर्जा लागते. नीट मरायलाही पेशीत ताकद असावी लागते. म्हणून एकाच रसायनाची मध्यम मात्रा पेशीला पानगळीसारखी मिटवते आणि मोठी मात्रा तिला फोडते.

आता नानांच्या कागदावरचा आकडा समजेल. एसजीपीटी हे यकृताच्या पेशीच्या आत काम करणारं एन्झाइम आहे. पेशीचं आवरण फाटलं किंवा गळू लागलं की ते रक्तात उतरतं. म्हणजे 96 हा आकडा सांगतो की काही पेशींचा माल सांडतो आहे. कशाने सांडतो आहे ते तो सांगत नाही. त्याच्या जोडीला रिपोर्टमध्ये एसजीओटी असतं, पण ते स्नायूंतही सापडतं, त्यामुळे दिवसभर ओझी उचललेल्या माणसाचं एसजीओटी थोडं वाढलेलं दिसू शकतं. यकृतापुरतं पाहायचं तर एसजीपीटी जास्त भरवशाचं.

मरणानंतर वाढीकडे येऊ. यकृताची पेशी एरवी वाटणी करत नाही, ती शांत बसलेली असते. पण शेजारी मेले की ती उठते. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला तर आठ-दहा दिवसांत ते पुन्हा जवळपास पहिल्या आकाराचं होतं. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाला हे जमत नाही. एखाद्या हंगामातली इजा यकृत अशीच भरून काढतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

धोका त्याच ताकदीत दडलेला आहे. इजा, भरपाई, पुन्हा इजा, पुन्हा भरपाई असं वर्षानुवर्षं चाललं तर दोन गोष्टी होतात. एक, यकृतातल्या तारकाकार पेशी जागोजागी दोऱ्यांसारखं प्रथिन विणत जातात. कातडीवर जखमेचा व्रण उरतो तसेच हे व्रण. ते वाढत गेले की यकृत कडक होतं, त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. दोन, प्रत्येक वाटणीच्या वेळी डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चूक व्हायची शक्यता असते. त्याच वेळी डीएनएला इजा करणारं काही पेशीत असेल तर ती शक्यता वाढते. मरायला हवी होती ती बिघडलेली पेशी जगली आणि वाढली, तर ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. एखाद्या रसायनाने पेशी मरतात का, एवढंच पाहून भागत नाही ते यामुळे. जगलेल्या पेशी कशा वाढतात तेही पाहावं लागतं.

सगळी तणनाशकं एका माळेचे मणी नाहीत. पॅराक्वाट सर्वांत उघड. 1962 मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने ते बाजारात आणलं. आपल्याकडे मिळतं ते 24 टक्क्यांचं. दुपारच्या उन्हात मारलं तर काही तासांतच गवत करपतं, हे प्रत्येकाने पाहिलं आहे. पानात सूर्यप्रकाशाने जो इलेक्ट्रॉनचा प्रवाह चालतो, त्याला पॅराक्वाट मध्येच खिंडार पाडतं. पाटाच्या पाण्याला चोराने चारी फोडावी, पाणी भलतीकडे सोडावं आणि परत येऊन पुन्हा फोडावी, तसं ते इलेक्ट्रॉन उचलतं, ऑक्सिजनला देतं आणि रिकाम्या हाताने पुन्हा मागायला येतं. स्वतः संपत नाही. एकेक रेणू हा फेरा पुन्हा पुन्हा मारतो आणि दर फेऱ्याला ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप मागे सोडतो. यकृताच्या पेशीत ऊन नाही, पण इलेक्ट्रॉन आहेतच. पानात ते उन्हातून येतात, आपल्यात भाकरीतून. पॅराक्वाटला दोन्ही चालतात. म्हणूनच पॅराक्वाटच्या विषबाधेत ऑक्सिजन लावताना डॉक्टर फार जपतात, कारण ऑक्सिजन वाढवला की आतली आग वाढते.

पॅराक्वाटचा सर्वांत मोठा घाव फुप्फुसांवर असतो, कारण तिथल्या पेशी त्याला ओढून साठवतात. पण मूत्रपिंड आणि यकृतही सापडतात. घोट चुकून पोटात गेला तर आधी तोंडात फोड येतात, माणूस दोन दिवस बरा वाटतो, मग लघवी कमी होते, डोळे पिवळे होतात. याच टप्प्यावर काही घरांत कावीळ उतरवून आणायला नेतात, आणि तिथे हातातला वेळ जातो. या विषावर उतारा नाही. पहिल्या तासांतलं रुग्णालय हीच काय ती आशा, म्हणून पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी 108 ला फोन लावा, वांती करायला लावू नका, आणि बाटली सोबत न्या. युरोपीय संघात पॅराक्वाट 2007 पासून बंद आहे. आपल्याकडे ते विकलं जातं. ते आपल्याकडेही बंद व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे.

2,4-डी वेगळ्या स्वभावाचं. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. रुंद पानाचं तण वेडंवाकडं वाढून, पिळवटून मरतं. शेजाऱ्याने ज्वारीत मारलं आणि वारा आपल्याकडे असला की कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, ते याच्यामुळे. माणसात ते संप्रेरक नाही. पण प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींना मोठ्या मात्रेत 2,4-डी दिलं तर मायटोकॉन्ड्रियाचा तोच विजेचा दाब कोसळतो आणि पेशी अपॉप्टोसिसच्या वाटेला लागतात. उंदरांच्या यकृतात दुसराही परिणाम दिसला आहे. चरबी जाळणारी सूक्ष्म कोठारं पेशीत भराभर वाढतात. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी एकेकाळी दिलं जाणारं क्लोफायब्रेट रचनेने 2,4-डीच्या जवळचं आणि त्यानेही उंदरात हेच होतं. माणसाचं यकृत मात्र या इशाऱ्याला उंदराइतकं भुलत नाही. उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला का लावता येत नाही, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

ग्लायफोसेटची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आणि सर्वांत जास्त भांडणाची. शुद्ध ग्लायफोसेट यकृताच्या पेशींवर टाकलं तर त्या बऱ्याच मात्रेपर्यंत तग धरतात. बाजारातली बाटली टाकली तर त्याच्या कितीतरी कमी मात्रेत मरतात. बाटलीत पानावर थेंब पसरावा, आत शिरावा म्हणून साबणासारखा पदार्थ घातलेला असतो. साबण चरबीचं आवरण फोडतो, मग ते पानावरचं असो की पेशीचं. अशा पदार्थांपैकी जनावराच्या चरबीपासून बनवलेला एक प्रकार युरोपीय संघाने 2016 मध्ये ग्लायफोसेटच्या बाटल्यांतून काढायला लावला. आपल्याकडे वरून आणखी शाम्पूची पुडी, युरिया, मीठ टाकलं जातं, कधी दोन तणनाशकं एकाच टाकीत. नानांच्या त्वचेवर जे पडतं ते कोणत्याच प्रयोगशाळेत तपासलेलं मिश्रण नाही.

प्रयोगशाळेबद्दलही सांगायला हवं, नाहीतर मी एकाच बाजूचं सांगतो आहे असं होईल. असे बरेच प्रयोग हेप-जी-2 नावाच्या पेशींवर होतात. 1970 च्या दशकात पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या यकृताच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या आणि आजही जगभर वाढवल्या जातात. 37 अंश उष्णतेत, गुलाबी द्रवात, 96 खळग्यांच्या बशीत त्या ठेवायच्या, रसायन घालायचं, एक ते तीन दिवस थांबायचं. मग एक पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशीचं कामकाज त्याला जांभळा करतं, मेलेली पेशी पिवळाच ठेवते. मी असे शेकडो खळगे मोजले आहेत. जांभळ्या रांगेत एकदम पिवळा पट्टा सुरू होतो तेव्हा पोटात खड्डा पडतो.

पण या गाठीच्या पेशी आहेत. त्या मुळातच थांबत नाहीत, सतत वाढतात. शिवाय रसायनाला मूठ बसवणारी जी एन्झाइम मी वर सांगितली, ती यांच्यात फारच कमी असतात. एखादं रसायन मूठ बसल्यावर जास्त विषारी होत असेल तर या पेशी ते दाखवणारच नाहीत. उलट बशीत रक्त वाहत नाही, मूत्रपिंड नाही, रसायन कुठे जाणार? ते दिवसभर पेशींवर बसून राहतं. म्हणून बशी नेमकं काय सांगते, तर इजा कोणत्या वाटेने होऊ शकते ते. नानांना ती झाली का, याचं उत्तर बशीत नाही.

मात्रेचा हिशोब करू. 41 टक्क्यांचं ग्लायफोसेट 15 लिटरच्या टाकीत 100 मिली टाकलं तर टाकीत लिटरला सुमारे 2.7 ग्रॅम होतं. म्हणजे बाटलीतला द्रव टाकीतल्या पाण्यापेक्षा दीडशे पट तीव्र. दिवसभराच्या तुषारांपेक्षा बाटली उघडताना, झाकणाने मोजताना बोटांवरून ओघळलेली धार जास्त महत्त्वाची ठरते ती अशी. 2004 मध्ये अमेरिकेत 48 शेतकऱ्यांच्या फवारणीच्या दिवसाच्या लघवीतल्या ग्लायफोसेटची मोजणी छापून आली. सरासरी लिटरला 3 मायक्रोग्रॅमच्या आसपास, सर्वांत जास्त 233. पेशी मरायला बशीत जी मात्रा लागते, तिच्या हे हजारो पटींनी खाली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो अभ्यास ग्लायफोसेट बनवणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी केला होता, हेही सांगायला हवं. पण त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा वेगळाच आहे. रबरी हातमोजे घालणाऱ्यांच्या लघवीत सरासरी 2 आणि न घालणाऱ्यांच्या 10. पाचपट फरक, एका हातमोज्याचा. आणि त्यातले बहुतेक ट्रॅक्टरवरून फवारत होते, पाठीवर गळकी टाकी घेऊन नव्हे.

मग माणसांवर काय दिसलं? कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात, शेतमजुरांच्या वस्तीत, मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा एक अभ्यास आहे. 2023 मध्ये त्यातला निष्कर्ष छापला गेला की लहानपणी ज्यांच्या लघवीत ग्लायफोसेटच्या विघटनातून होणारं रसायन जास्त होतं, त्यांच्यात अठराव्या वर्षी यकृताची एन्झाइम वाढलेली असण्याचं प्रमाण जास्त होतं. हे नातं आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तरी बशीत दिसलेली वाट आणि वस्तीत दिसलेलं नातं एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर मी ते हलकं घेणार नाही. कर्करोगाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, तर अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांनी तशी शक्यता दिसत नाही असं म्हटलं. दोघांचे प्रश्न पूर्ण सारखे नव्हते. पहिल्यांनी विचारलं, हे रसायन असं करू शकतं का. दुसऱ्यांनी लोकांना मिळते त्या मात्रेत करेल का, हेही पाहिलं. दुसऱ्या बाजूलाही घाईचे निष्कर्ष झाले आहेत. 2012 मध्ये फ्रान्समधून आलेला, उंदरांच्या मोठाल्या गाठींच्या फोटोंमुळे गाजलेला अभ्यास पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकाने मागे घेतला. ते फोटो आजही मोबाइलवर फिरतात.

आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांपुरती ठेवली. आमच्या भागातल्या वावरात ती नाना आणि त्यांच्यासारखे लोक करतात.

बाटलीवरच्या त्रिकोणाबद्दल एक गैरसमज दूर करतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा, असा तो उतरत्या क्रमाने विषारीपणा दाखवतो. पण तो विषारीपणा एकदाच पोटात किंवा अंगावर गेलेल्या मात्रेचा. हिरवा त्रिकोण पाहून 'रोज अंगावर घ्यायला हरकत नाही' असा अर्थ काढला तर तो त्या त्रिकोणात नाही. पंधरा हंगामांच्या हिशोबाचा त्रिकोण कोणत्याच बाटलीवर छापलेला नसतो.

आता ग्लुटाथायोनकडे परत. फवारणीहून आल्यावर डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. काही जण पॅरासिटामॉल घेतात, काही जण दारू, काही जण दोन्ही. पॅरासिटामॉलपासून यकृतात थोडा एक विषारी पदार्थ बनतो आणि त्याला बांधायला हेच ग्लुटाथायोन लागतं. सांगितलेल्या मात्रेत गोळी सुरक्षित आहे. पण एका दिवसात मोठ्या मात्रेच्या गोळ्या, त्यात रोजची दारू, जी हा साठा आधीच खाऊन ठेवते, आणि उपाशी पोट, असं जुळून आलं की यकृताच्या पेशीला लढायला काही उरत नाही. तणनाशकाचा वाटा त्यात लहान असेल, पण अशा दिवशी तो या सगळ्या ओझ्यावर आणखी चढतो.

नानांना मी दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं, या वेळी काय काय मारलं त्याच्या रिकाम्या बाटल्यांचे फोटो घेऊन. हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या झाल्या, त्या नीट आल्या. सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली, पहिल्या टप्प्यातली. चरबीने भरलेल्या पेशीत ऑक्सिडेटिव्ह ताण मुळातच जास्त असतो, त्यावर बाहेरून आणखी ओझं पडलं की ती लवकर हात टेकते. तेव्हा 96 मधले किती चरबीचे आणि किती फवाऱ्याचे, हे एका माणसाच्या कागदावरून कुणालाच वेगळं काढता येणार नाही. मी नानांना तेच सांगितलं.

पण पंप पाहायला मी त्यांच्या गोठ्यात गेलो. टाकीच्या बुडाशी वायसर झिजला होता. तिथून थेंब थेंब गळत होतं आणि नानांच्या फवारणीच्या सदऱ्यावर, बरोबर कमरेच्या वर, ताटाएवढा पांढरट डाग पडला होता. घामाने उघडलेल्या त्वचेवर तो ओला सदरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तीन आठवडे. रात्री तोच सदरा घरातल्या कपड्यांत धुवायला जात होता, नातवाच्या कपड्यांबरोबर.

दिवाळीनंतर नानांचा फोन आला. फवारणी बंद होती, तळलेलं कमी केलं होतं, सकाळी नदीपर्यंत चालून येत होते. आकडा 52. "उतरना ना, बस," म्हणाले. वायसर बदलला होता. हातमोजे अमळनेरच्या बाजारातून आणले होते, कोपरापर्यंतचे. आणि सदरा आता गोठ्यातल्या खुंटीला वेगळा टांगलेला असतो, नातवाला त्याला हात लावायची मनाई आहे.